एकट्या प्रवाशाचं म्हणणं किती खरं मानायचं?

सिनॉप्सिसचे कच्चे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत हल्ली एक नवाच आधार दिसायला लागलाय. 'वऱ्हाडातील प्रवासी वाहतूक अत्यंत अनियमित आहे', 'अकोला परिसरात पाण्याची तीव्र टंचाई आढळते', 'हा मार्ग महिलांसाठी सुरक्षित मानला जातो', अशी ठाम वाक्यं असतात. खाली आधार काय, तर कुणीतरी एकट्याने एसटीने महाराष्ट्र पालथा घातला त्याचा व्हिडिओ, नाहीतर त्याच प्रवासावरचा लेख. गंमत म्हणजे मसुदा लिहिणारा बहुतेक वेळा आपल्याच भागातला असतो. वाक्य स्वतःच्या गावाबद्दलचं, आणि साक्षीदार कोण, तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आपलं गाव बघून गेलेला पाहुणा!

म्हणून आज एखाद्या रिसर्च पेपरऐवजी या प्रवासवर्णनांचीच समीक्षा करू. एका माणसावर टीका करायची नाहीये, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. सगळ्यांचा साचा तसाही एकच आहे. पाठीवर बॅग, खिशात एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास, आणि आधी कधीही न पाहिलेली शहरं. पहाटेची गाडी, खिडकीची जागा, स्टँडवरचा चहा, गप्पिष्ट कंडक्टर, रात्री लॉज. अमरावतीच्या वाट्याला गीला वडा आणि अंबादेवी येते. अकोल्याच्या वाट्याला ऊन. मधे मूर्तिजापूर येतं, तेव्हा लेखक झोपलेला असतो.

मी ही वर्णनं आवडीने बघते, हे आधीच सांगते. माझं काम खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यावर आहे. त्यामुळे माझ्याही आयुष्यातला बराच वेळ दर्यापूरच्या गाडीत, मांडीवर बाटल्यांची पिशवी धरून जातो. आणि एक गोष्ट मान्य करावीच लागेल. यातले चांगले प्रवासी जितक्या नेटाने नोंद ठेवतात, तितकी आपल्या एम.एस्सी.च्या फील्डबुकात नसते. फलाटावर किती वाजता पोचलो, गाडी किती वाजता लागली, तिकीट किती, कुठे किती वेळ थांबली, सगळं ते सांगतात. आपल्याकडे 'सॅम्पल सकाळी घेतलं' एवढ्यावर भागतं. सकाळी म्हणजे कधी बाबा? सहाला की साडेअकराला? नोंदीच्या बाबतीत एसटीतला हा भटक्या आपल्या पुढे आहे. गडबड होते ती नोंदीवरून निष्कर्षावर उडी मारताना.

पहिली उडी बघा. 'इथे गाड्या कधीच वेळेवर नसतात.' जवळजवळ प्रत्येक वर्णनात हे वाक्य सापडेल. डेपोत विचारलं तर ते सांगतील की तासाला दोन गाड्या आहेत, म्हणजे अर्ध्या तासाला एक. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? बहुतेक कुणीच नाही. समजा तासाला दोनच गाड्या आहेत, पण त्या सारख्या अंतराने सुटत नाहीत. एकीनंतर १० मिनिटांत दुसरी, मग ५० मिनिटं काहीच नाही, पुन्हा १० मिनिटांत एक. सरासरी अंतर ३० मिनिटं, म्हणजे डेपोचं बरोबर. आता अनोळखी शहरातला प्रवासी वेळापत्रक न बघता कधीतरी स्टँडवर उगवतो. तासातली ५० मिनिटं मोठ्या फटीची आहेत, त्यामुळे सहातल्या पाच वेळा तो त्या मोठ्या फटीतच सापडणार, आणि तिथे सरासरी २५ मिनिटं थांबणार. उरलेल्या एका वेळी तो छोट्या फटीत येतो आणि सरासरी ५ मिनिटं थांबतो. हिशेब केला तर त्याची सरासरी वाट बघण्याची वेळ साधारण २१.७ मिनिटं येते. गाड्या नेमाने अर्ध्या तासाला सुटल्या असत्या तर ती १५ मिनिटं आली असती.

संख्याशास्त्रात याला इन्स्पेक्शन पॅराडॉक्स म्हणतात. गर्दीचंही तेच. एका गाडीत १० माणसं, दुसरीत ५०. डेपोच्या कागदावर सरासरी ३०. पण माणसांना विचारत गेलात तर ५० जण सांगतील 'आमच्या गाडीत पन्नास होते', आणि १० जण सांगतील 'दहा'. माणसांच्या उत्तरांची सरासरी येते ४३.३. रिकामी गाडी बघायला मुळात माणसंच कमी असतात.

इथे एक फसगत होते ती टाळा. हा हिशेब कळल्यावर पोरं लगेच म्हणतात, 'म्हणजे प्रवाशाचा अनुभव बायस्ड, डेपोचा आकडा खरा.' असं नाही. तुमचा संशोधनाचा प्रश्न प्रवाशांच्या त्रासाबद्दल असेल तर ४३.३ हाच कामाचा आकडा आहे. प्रश्न गाड्यांच्या वापराबद्दल असेल तर ३०. दोन्ही खरे आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. प्रवासवर्णन लिहिणारा प्रश्न ठरवतच नाही, म्हणून त्याचं उत्तर कशाचं आहे ते समजत नाही. त्याला ते माफ आहे. सिनॉप्सिस लिहिणाऱ्याला नाही.

शिवाय व्हिडिओ कोणत्या वर्षीचा? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप होता. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळायला लागली. संपाच्या दिवसांतला प्रवास आणि सवलतीनंतरचा प्रवास शेजारी ठेवून 'एसटीतली गर्दी वाढली' असं म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या यंत्रणा एकाच पट्टीने मोजणं. तारीख न लिहिलेलं निरीक्षण तर चक्क बाजूला ठेवावं.

आता पाणी आणि ऊन. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या कामाच्या जवळचं आहे.

एकट्याने फिरायला लोक कधी निघतात? सुट्टीत, आणि बऱ्याच जणांची सुट्टी मे महिन्यात असते. मे महिन्यातला अकोला म्हणजे काय ते आपल्याला सांगायची गरज नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हा प्रशासनाने उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. बाहेरच्या माणसाने तेव्हा अकोला पाहिलं आणि 'हे शहर दुपारी मेलेलं असतं' असं लिहिलं, तर त्याचं निरीक्षण अचूकच आहे. फक्त ते शहराबद्दलचं नाही, मे महिन्याबद्दलचं आहे. तोच माणूस नोव्हेंबरात कापसाच्या दिवसांत आला असता तर वेगळं शहर घेऊन गेला असता. भूजलाच्या कामात आम्ही एकाच विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा घेतो ते याचसाठी. एकदाच घेतलं तर विहिरीचा गुण कोणता आणि ऋतूचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही.

पण ऋतूपेक्षा मोठी अडचण खोलीची आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा जातो. वरून बघितलं तर काळीभोर, देखणी जमीन. खाली पाणी आहे, पण खारं. कित्येक ठिकाणी ते पिण्यालाही नको आणि ओलितालाही नको. त्या पाण्याने सिंचन केलं तर सोडियममुळे आधीच चिकट असलेली काळी माती आणखी बिघडते, पाणी मुरत नाही, जमीन घट्ट होते. म्हणजे इथलं दुःख 'पाणी नाही' एवढंच नाही. विहिरीत पाणी दिसतंय आणि ते वापरता येत नाही, असं आहे. टंचाई आणि क्षारता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांचे उपायही वेगळे. बसच्या खिडकीतून दोन्ही सारखेच दिसतात: डोक्यावर हंडा घेतलेली बाई, रस्त्याकडेला उभा टँकर. प्रवासी लिहितो 'दुष्काळी भाग'. मसुदा लिहिणारा ते उचलतो, आणि ज्या तालुक्यात अभ्यास क्षारतेचा व्हायला हवा तिथे शीर्षक टंचाईचं पडतं. हे एक वाक्य तीन वर्षं वाया घालवू शकतं. त्या प्रवाशाने बस दर्यापूरला सोडून कुण्या आजीला 'तुमच्या हिरीचं पाणी काऊन नाही पेत?' एवढं विचारलं असतं, तरी काम झालं असतं.

रस्त्याचंही असंच. मुंबईहून नागपूरला जाणारा प्रवासी आता समृद्धी महामार्गाने जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला. तो अमरावती जिल्ह्यातून जातो, अमरावती शहरातून नाही. अकोला जिल्हा तर त्याच्या दहा जिल्ह्यांच्या यादीतच नाही. म्हणजे 'मी अख्खं विदर्भ पार केलं' म्हणणाऱ्या माणसाने वऱ्हाडातली दोन मोठी शहरं पाहिलेलीच नसतात. रेल्वेने आला तरी मुंबई–हावडा मुख्य मार्गावर त्याला बडनेरा दिसतं, अमरावती फाट्यावर राहते. मार्ग निवडला की सॅम्पल निवडलं गेलं, आणि ते निवडलंय हे प्रवाशाच्या लक्षातही येत नाही.

याउलट अकोला–अमरावती रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण एक आकडा न चुकता सांगतो. 'हाच तो रस्ता, पाच दिवसांत ७५ किलोमीटर, गिनीज रेकॉर्ड!' आकडा खरा आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना या भागात जून २०२२ मध्ये हा विक्रम झाला. काम ३ जूनला सकाळी ७.२७ ला सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ ला संपलं, वेळ १०५ तास ३३ मिनिटं. वजाबाकी करून बघा, जुळते. पण मोजलं काय होतं? बिटुमिनस काँक्रीटचा सलग थर, तोही एका लेनचा. सरकारी निवेदनातच लिहिलं होतं की हे ७५ किलोमीटर म्हणजे दोन लेनच्या रस्त्याचे ३७.५ किलोमीटर. व्हिडिओत मात्र एकक गळून पडतं आणि 'पाच दिवसांत ७५ किलोमीटर हायवे बांधला' उरतं. थर अंथरणं आणि रस्ता बांधणं यांत माती, भराव, पूल, मोऱ्या असं सगळं राहून जातं. त्याच निवेदनात ३६,६३४ टन मिश्रण आणि त्यात २,०७० टन डांबर असेही आकडे होते. भागाकार केला तर डांबर साडेपाच टक्क्यांच्या थोडं वर येतं, म्हणजे अशा मिश्रणात असायला हवं तेवढंच. आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे कधीकधी असं दोन मिनिटांत तपासता येतं. त्याला ना लॅब लागते, ना गाईडची सही.

आणि आता तिसरं वाक्य, सुरक्षिततेचं. यावर हसण्यासारखं काही नाही. या वाक्यावरून घराघरांत निर्णय होतात. मुलीला फील्डवर्कसाठी एकटीला पाठवायचं का, पुण्याच्या इंटरव्ह्यूला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊ द्यायचं का, हे ठरवताना आईवडील असेच व्हिडिओ बघतात. 'मी एकटी फिरले, मला काहीही त्रास झाला नाही, एकदम सेफ.' सांगणारी खरं बोलते. पण त्यावरून किती कळतं?

एक साधा नियम लक्षात ठेवा, तीनचा नियम. एखादी घटना तुमच्या 'न' निरीक्षणांत एकदाही घडली नसेल, तर ९५ टक्के खात्रीने तुम्ही एवढंच म्हणू शकता की तिची शक्यता ३ भागिले 'न' पेक्षा जास्त नाही. ३० प्रवास सुखरूप झाले? मग त्रास होण्याची शक्यता १० टक्क्यांपर्यंत असूनही असं घडू शकतं. १० टक्के म्हणजे दहा प्रवासांत एक, आणि एवढी जोखीम कुठलेही आईवडील 'सेफ' म्हणून मान्य करणार नाहीत. १ टक्क्याच्या खाली आहे असं म्हणायलाही ३०० प्रवास लागतात, तेही एकमेकांपासून स्वतंत्र. एकाच बाईने, दिवसाउजेडी, कंडक्टरच्या जवळच्या सीटवर बसून केलेले ३०० प्रवास नव्हेत. उलट बाजूने मात्र एकच अनुभव पुरतो. एकीने जरी सांगितलं की असं झालं, तर 'असं होतं' हे सिद्ध झालं. किती वेळा होतं, ते तेवढ्यावरून कळत नाही. 'काही झालं नाही' आणि 'झालं' या दोन साक्षींचं वजन सारखं नाही, आणि मसुद्यांमध्ये ते सर्रास सारखं धरलेलं दिसतं.

अपघाताच्या बाबतीत तर हे आणखी कठोर होतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस जळाली, २५ माणसं गेली. प्रवासवर्णन लिहितो तो पोचलेला माणूस. न पोचलेल्यांचं वर्णन कुणी लिहीत नाही. त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न प्रवासवर्णनांच्या ढिगाऱ्यातून सुटूच शकत नाही, ढीग कितीही मोठा केला तरी. त्याला अपघातांच्या नोंदीच लागतात.

एवढं वाचून वाटेल की मग एकट्याची साक्ष टाकूनच द्यावी. मला तसं वाटत नाही, आणि त्यासाठी मराठीतलंच एक जुनं पुस्तक पुढे करते: विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. सायन्सच्या मुलांनी हे पुस्तक मेथडॉलॉजीसाठी वाचावं असं माझं ठाम मत आहे. (आमच्या कोर्सवर्कमध्ये यातलं काही नव्हतं, पण ते असो.)

गोडसे भटजी वरसईचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून ते काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. ते पूर्ण एकटे नव्हते, काका सोबत होते. पण आधी न पाहिलेल्या शहरांतून, ओळखीच्या आधाराशिवाय केलेला हा प्रवास आजच्या कुठल्याही बॅकपॅकवाल्याला भारी पडेल. आजच्या वर्णनांत आणि या पुस्तकात मला मोठा फरक दिसतो तो असा की आपण कशासाठी निघालो हे भटजी लपवत नाहीत. घरची गरिबी आहे, पैसा मिळवायला चाललोय. त्यामुळे वाचणाऱ्याला समजतं की हा माणूस शहरात शिरला की आधी दानधर्म, वाडे, देवळं, भोजन बघणार. सैन्याच्या हालचालींसाठी त्याच्यावर फार विसंबू नये, पण शहरातल्या माणसांच्या भीतीसाठी नक्की विसंबावं. साक्षीदाराने आपला कल स्वतःच सांगितला की आपल्याला त्याचं वजन ठरवता येतं. 'मी फक्त अनुभवायला निघालो' म्हणणाऱ्याचं वजन ठरवता येत नाही, कारण तोही व्ह्यूज, पैसा, नाव यांपैकी कशासाठी तरी निघालेलाच असतो.

दुसरं, या पुस्तकात पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं काढता येतं. बंड का झालं याची हकीकत भटजींना वाटेत शिपायांकडून कळली. झाशीतली लूट आणि कत्तल त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. पहिल्या भागावरून लोक काय बोलत होते ते कळतं, दुसऱ्यावरून काय झालं ते. अफवासुद्धा डेटा आहे, मात्र तो अफवांबद्दलचा डेटा.

आणि तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. भटजींनी हे लिहिलं प्रवासानंतर सुमारे २५ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, तेव्हा भटजी हयात नव्हते. त्या छापील प्रतीत भाषेवर आणि मजकुरावर संपादकाचा हात फिरलेला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी पुस्तक काढलं ते १९६६ साली. म्हणजे मधली जवळजवळ ६० वर्षं जे लोक 'गोडसे भटजी म्हणतात' असं लिहीत होते, ते काही अंशी वैद्यांना उद्धृत करत होते. आता तुमच्या मसुद्यातल्या व्हिडिओचा विचार करा. आठ तासांच्या प्रवासातून बारा मिनिटं उरली आहेत. मूर्तिजापूरचा थांबा कापला गेला, कारण तिथे काही 'घडलं' नाही. कापलेल्या सात तास अठ्ठेचाळीस मिनिटांचं हस्तलिखित कुठल्याही मंडळात जपून ठेवलेलं नाही. भटजींच्या बाबतीत निदान दुसरी प्रत काढून ताडून बघता आली.

जाता जाता आपल्या परतवाड्याची आठवण. १९१६ साली तिथे जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हीसुद्धा एकट्याच्या भटकंतीचीच, नर्मदेच्या परिक्रमेची. पण ती कादंबरी म्हणून आपल्यापुढे येते, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाण्याचा पीएच मागत नाही. आजच्या प्रवासवर्णनांची पंचाईत अशी की त्यांना कादंबरीची मोकळीक हवी असते आणि वार्तापत्राचा मान.

तर, अशा मसुद्यांच्या समासात मी काय लिहून पाठवते ते सांगते. 'प्रवासी वाहतूक अनियमित' याच्या शेजारी: कुठला मार्ग, कुठला महिना, वेळ गाड्यांमधली की प्रवाशाच्या थांबण्याची? डेपोकडून एका आठवड्याची प्रत्यक्ष सुटण्याची वेळ मिळते का बघ. 'पाण्याची टंचाई' याच्या शेजारी: टंचाई की क्षारता? टीडीएस मोजलास का, दोन्ही ऋतूंत? 'सुरक्षित मानला जातो' याच्या शेजारी: कोण मानतं? किती जणींना विचारलंस, दिवसा की रात्री? व्हिडिओ आधार म्हणून काढून टाक असं मी लिहीत नाही. तो प्रस्तावनेतून उचलून 'हा प्रश्न मला कसा सुचला' या परिच्छेदात ठेव, असं लिहिते. परवा एका मुलाचा उलट मेसेज आला, 'पण ताई, मी स्वतः रोज त्याच गाडीने येतो, मग माझंच निरीक्षण लिहू का?' लिही म्हटलं. पण आधी महिनाभर रोज स्टँडवर पोचल्याची आणि गाडी सुटल्याची वेळ वहीत टाक, आणि गाडी चुकली तो दिवसही टाक.